भंडारा लागलेला निकाल

दादाच्या नावानं आलेलं पाकीट मीच फोडलं, कारण अर्जही मीच लिहिला होता. आत कामाची एकच ओळ होती: ‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ कुणी शोधलं, कुठं शोधलं, मुळात खुर्चीतून उठून शोधलं का, काही नाही. खाली सही आणि शिक्का. शिक्का तेवढा छान ठसठशीत उठला होता. मी हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावला शाळेत मराठी शिकवते. एखाद्या पोरानं निबंधात असं एक वाक्य लिहून बाकी पान कोरं सोडलं तर मी त्याला भोपळा देते. इथं असल्या वाक्यांवर लोक पगार घेतात, बढती घेतात आणि निवृत्त होताना शाल-नारळही घेतात.

आधी काय झालं ते सांगते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल. माझं माहेर याच जिल्ह्यात, डोंगराच्या कडेला. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या बदनामी केली म्हणून मलाच नोटीस यायची, आणि ती नोटीस मात्र अगदी वेळेत येईल. घरी थोडी शेती आहे, सोयाबीन आणि तुरीची, ती वहिनी बघते. मेंढरं दादा बघतो. मेंढरं आमच्याकडं किती पिढ्यांपासून आहेत ते कुणालाच माहीत नाही. आमचं गाव आणि पलीकडचं गाव यांच्या शिवेवर गायरान आहे, आणि गायरानातून एक पांदण, म्हणजे जुनी गाडीवाट, तळ्यावर जाते. होळी झाली की आमच्या बाजूला जनावरांना पाणी म्हणजे ते तळंच.

या गायरानाला एका माणसानं तार ठोकली. त्याचा कुणीतरी सोयरा पुढारी आहे, एवढं सांगितलं की पुरे. ही जमीन माझ्या विकतच्या शेतात येते, असं त्याचं म्हणणं. पांदणही तारेच्या आत गेली. दादाला मेंढरं लांबच्या डांबरी रस्त्यानं तळ्यावर न्यावी लागायला लागली. त्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर आणि मुरुमाचे टिपर. एक गाभण मेंढी टिपरखाली गेली, त्या दिवशी दादा जेवला नाही. तलाठ्याकडं गेला तर तो म्हणाला, गायरान कुठं संपतं त्याचा कागद आणा. कागद कुणाकडं असतो? मोजणीच्या कचेरीकडं. आणि कचेरी म्हणते, आढळून येत नाही.

माझा संताप होण्याचं कारण वेगळंच होतं. त्या गायरानाची मोजणी झाली होती. दादाच्या डोळ्यांदेखत झाली होती. खुणांचे दगड दादानंच खांद्यावरून वाहून नेऊन रोवले होते. मोजणीवाल्या साहेबांना लिंबाखाली पिठलं-भाकरी आमच्या वहिनीनं वाढली होती, आणि जेवण झाल्यावर त्यांनी मांडीवर फळी घेऊन नकाशा काढला होता. पुढं ते दगड एकेक करून नाहीसे झाले आणि मग तार आली. त्या मोजणीचा नकाशा द्या, एवढाच आमचा अर्ज होता. माहितीच्या अधिकाराचा साधा अर्ज, वर दहा रुपयांचं तिकीट. पिठलं आढळलं, भाकरी आढळली, नकाशा तेवढा आढळेना!

दादाला मी ते उत्तर वाचून दाखवलं. तो उंबऱ्यावर बसून बाभळीची काठी तासत होता. त्यानं मान वर केली नाही.

“औंढ्याची शिवरात्रीची जत्रा झाली की व्यापारी येनार हाय,” तो म्हणाला. “समदी मेंढरं एकदम घेतो म्हन्ला.”

“तू हो म्हणालास?”

“मंग काय करू? डांबरीवर एकेक करून मारू का त्याह्यला?”

दादाला मेंढरांशिवाय मी कधी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नात मांडवातून दोनदा उठून तो मेंढरांच्या वाडग्यावर चक्कर मारून आला होता. मेंढरं विकल्यावर हा माणूस सकाळी उठून काय करील, हे मला डोळ्यांसमोर आणता येईना. म्हणून मी म्हणाले, शिवरात्रीपर्यंत थांब. काय करणार होते ते मलाच ठाऊक नव्हतं.

पहिलं अपील केलं. सुनावणीला जाताना मी तयारीनं गेले, निदान मला तसं वाटलं. व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरत होता: कागद हरवला असं सांगून माहिती नाकारता येत नाही, न्यायालयाचा मोठा निर्णय, पुढं पाठवा. त्याला हात जोडल्याची चित्रं, तिरंगा, सगळं होतं. मी तो अपील ऐकणाऱ्या, त्याच कचेरीतल्या वरच्या साहेबांना वाचून दाखवला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, कोणतं न्यायालय? प्रकरण क्रमांक? तारीख?”

मी फोन वरखाली सरकवला. यातलं काहीच त्यात नव्हतं.

“हे व्हॉट्सॲपचं कोर्ट इथं चालत नाही,” साहेब म्हणाले. बाजूचे दोन बाबू हसले. “निकाल आणा. सही-शिक्क्याचा आणा. मग बघू.” अपील फेटाळलं. दुसरं अपील माहिती आयोगाकडं करायचं, तर तिथं नंबर लागेपर्यंत दादाच्या मेंढरांची नातवंडं म्हातारी होतील. साहेबांचं म्हणणं बरोबर होतं, याचाच मला जास्त राग आला. क्रमांक नसलेला निकाल म्हणजे बाजारगप्पा, हे मलाही कळत होतं. पण क्रमांक असलेला निकाल ठेवलाय कुठं?

मग सुरू झाला शोध. गोरेगावात एक संगणकाचं दुकान आहे. पीकविम्याची गर्दी ओसरली की तिथं एखादी खुर्ची रिकामी मिळते. दर रविवारी मी तिथं जाऊन बसू लागले. दुकानदार भला माणूस. “मॅडम, पिक्चर बघा, इतका वेळ निकाल कोण बघतं?” असं म्हणायचा आणि चहा मागवायचा.

आयोगाचे निकाल म्हणे सगळ्यांसाठी खुले आहेत. खुले आहेतच. वाळूच्या ढिगात टाकलेली सुईसुद्धा तशी खुलीच असते. शोधायची चौकट आहे, पण ती आधी अपिलाचा क्रमांक मागते. अहो, ज्याला निकालाचा क्रमांक माहीत आहे त्याच्याकडं तो निकाल असतोच, त्याला शोधायची गरज काय? ‘गायरान’ टाकलं, काही नाही. ‘नकाशा’ टाकलं, काही नाही. कारण निकाल म्हणजे कागदांचे नुसते फोटो. तिरके, काळपट, काही उलटे. एका पानावर ते पान धरणाऱ्याचा अंगठाही आलेला. यंत्राला त्यातला शब्द वाचता येत नाही, माणसालाही चष्मा पुसून वाचावा लागतो. मग एकच उपाय राहतो: एकेक उघडायचा, वाचायचा आणि बंद करायचा. हळकुंड दळायला बसल्यासारखं ते काम होतं, हात दुखतात आणि पीठ दिसत नाही.

वर न्यायालयांचं वेगळंच. तिथं सगळं नीट लावलेलं, पण इंग्रजीत, आणि इंग्रजीही अशी की एक वाक्य सुरू झालं की पान उलटल्यावर संपतं. मला इंग्रजीची भीती नाही, बी.एड. मी झोपेत केलेलं नाही. पण कायदाच सांगतो की अर्ज मराठीत चालेल. अर्ज मराठीत, उत्तर मराठीत, नकार मराठीत, आणि नकार खोटा आहे हे सांगणारा शब्द तेवढा दादाला न वाचता येणाऱ्या भाषेत. कुणासाठी लिहितात हे? वकिलासाठी लिहितात. वकिलाला फी देणाऱ्यासाठी लिहितात. ज्याच्या नावानं न्याय दिला तो माणूस आपल्याच निकालाबाहेर उभा राहतो, चप्पल हातात घेऊन.

असे बरेच रविवार गेले. मला निकालांची सवय लागली. लोक काय काय मागत होते! घरकुलाची यादी, विहिरीचा पंचनामा, रस्त्याच्या खडीचा हिशोब, मेलेल्या नवऱ्याच्या नोकरीचं पुस्तक. आणि कचेऱ्या काय उत्तर देत होत्या? तेच. आढळून येत नाही. जिल्हे वेगळे, खाती वेगळी, वाक्य एक. पोरं वर्गात एकमेकांची वही बघून लिहितात तेव्हा निदान एखादी वेलांटी तरी बदलतात.

शिवरात्र तोंडावर आली आणि एका रविवारी मला ते पान सापडलं. काळपट फोटो, तिरका. आधी आमच्याच तालुक्याचं नाव दिसलं, मग त्याच कचेरीचं. मग अपीलकर्त्याचं गाव: आमच्या शिवेपलीकडचं. आणि मागितलेली माहिती: शिवेवरच्या गायरानाच्या मोजणीचा नकाशा. तोच गट, तीच मोजणी. मी खुर्चीतून उभीच राहिले. दुकानदारानं विचारलं, “काय झालं, लॉटरी लागली का?”

म्हणजे तार यायच्याही आधी, दगड नाहीसे व्हायला लागले तेव्हाच, कुणीतरी माझ्या कित्येक वर्षं आधी हाच कागद मागितला होता. त्यालाही कचेरीनं तेच वाक्य ऐकवलं होतं. आणि तो थेट आयोगापर्यंत गेला होता. मी धडाधड पानं सरकवत गेले. दोन्ही बाजू मांडल्या होत्या, कचेरीच्या बाबूला काय विचारलं आणि तो काय बोलू शकला नाही तेही लिहिलं होतं. तिसऱ्या पानाच्या तळाशी ओळ होती: ‘सबब आयोग पुढीलप्रमाणे आदेश पारित करीत आहे.’ आणि पुढं?

पुढं काहीच नाही. शेवटचं पान चढवलेलंच नव्हतं!

मी खालीवर केलं, बंद करून उघडलं, दुकानदाराकडून करून घेतलं. तीनच पानं. आदेश ज्या पानावर, सही-शिक्का ज्या पानावर, नेमकं तेच कुणी तरी यंत्रात घालायचं विसरलं होतं. माणूस जिंकला की हरला हेही कळायला मार्ग नव्हता. मी इतक्या मोठ्यानं बोलले की पीकविम्याला आलेले दोघं शेतकरी बाहेर जाऊन उभे राहिले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, मी शिक्षिका आहे.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून माहेरी गेले. दादाला त्या माणसाचं नाव सांगितलं.

“पल्याडचा मामा व्हय? समदे मामाच म्हनतात त्याला. वळखतो की,” दादा म्हणाला. “त्याच्या निकालाचं जेवन केलं मी.”

“कशाचं जेवण?”

“निकालाचं. निकाल लागला म्हून म्हाताऱ्यानं बोकड कापला व्हता. दोन्ही गावचे मेंढरंवाले बलावले व्हते.”

“आणि निकाल कसला होता?”

“आता मला काय माहीत? बोकड शिजल्यावर कशाचा, ते कोन इचारतं?”

मी कपाळाला हात लावला. इतके रविवार मी संगणकासमोर डोळे फोडून घेत होते, आणि माझा सख्खा भाऊ त्या निकालाचा रस्सा ओरपून घरी येऊन झोपला होता. पण एक कळलं. बोकड कापला म्हणजे म्हातारा जिंकला होता. मग नकाशा त्याच्याकडं असणार. मी दादाला म्हणाले, काढ गाडी.

मामांचं घर गावाच्या टोकाला. अंगणाशेजारी मोठं वाडगं, काट्याचं कुंपण अजून नीट राखलेलं, आणि आत दोन शेळ्या. एवढ्या मोठ्या वाडग्यात दोनच शेळ्या बांधलेल्या बघून दादा दारातच थबकला. मामा ऐंशीच्या आसपासचे असतील. डोक्याला पटका, अंगावर घोंगडी. मी कोण, कशासाठी आले ते सांगितलं तसा म्हातारा फुलला.

“निकाल व्हय? लागला की! आपल्याच बाजूनं लागला. तिथं मोठ्या साहेबानं बाबूला समोर उभा केला. म्हन्ला, कागद हरवतो तर तुमी काय करून राहिले तिथं? बाबू खाली मुंडकं घालून गप. मला एक शबूद बोलावा लागला न्हाई, माय.”

“आणि नकाशा, मामा?”

“हाय ना. या, दावतो.”

त्यांनी आम्हाला देवघरात नेलं. खंडोबाच्या टाकाशेजारी, भिंतीला टेकवून, एक कागद उभा होता. प्लॅस्टिकमध्ये पक्का केलेला, वर हळदीचा भंडारा, कुंकवाची बोटं, एक सुकलेला झेंडू. मी जवळ जाऊन पाहिलं. तो नकाशा नव्हता. माझ्या निकालाचं न सापडलेलं शेवटचं पान होतं.

भंडाऱ्याआडून मी ते वाचलं. अभिलेखाचा कसून शोध घ्यावा. अपीलकर्त्यास तीस दिवसांत नकाशा विनामूल्य द्यावा. न सापडल्यास जबाबदारी निश्चित करून गुन्हा नोंदवावा. सही, शिक्का. आणि तळाशी, प्रत माहितीसाठी कोणाकोणाला, त्यात पहिलं नाव त्याच कचेरीचं.

“मामा, हा नकाशा नाही,” मी म्हणाले. “नकाशा द्या, असा हा हुकूम आहे.”

“हुकूम झाला ना मंग?”

“झाला.”

“मंग?”

आमच्या लोकांत मेंढरांचा, चराईचा तंटा झाला की पंच झाडाखाली बसतात. निवाडा सांगितला की दोघंही देवाचा भंडारा उचलतात, आणि तिथं विषय संपतो. भंडारा उचलल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी कुणाच्या दारात जाऊन ‘ते निवाड्याचं काय झालं?’ असं विचारत नाही. विचारणं म्हणजे समोरच्याला बेइमान म्हणणं. मामांच्या लेखी आयोगाचा साहेब म्हणजे थोरला पंच. त्यानं सांगितलं, बाबूनं मान खाली घातली, झालं. सरकारच्या वाटचा भंडारा म्हाताऱ्यानं स्वतःच उचलून कागदाला लावला, देवात ठेवला आणि सरकार येऊन तार काढील म्हणून वाट बघत बसला.

“तारवाला आडवा आला तवा मी सांगितलं त्याला,” मामा म्हणाले, “निकाल हाय माझ्याकडं. तो हासला. मी म्हन्लं, हास लेका, सरकार येऊ दे.”

“आणि मेंढरं?” दादानं विचारलं.

मामी दाराआडून बोलल्या. “ईकली बाबा. पान्यावर न्यायची कुठून? म्हन्ले, कचेरीत जाऊन इचारा तरी. तर ह्ये म्हनायचे, सरकारला घाई करू न्हाई.”

काही लोक सांगतात, खेड्यातल्या माणसाला कायदा कळत नाही. माझ्यासमोर पुन्हा कुणी म्हणून दाखवावं. या माणसाला कायदा कळला होता. मोठ्यानं सांगितलं की धाकट्यानं ऐकायचं, एवढा सरळ कळला होता. न कळल्याचं सोंग कचेरीनं घेतलं होतं. हुकुमाची प्रत त्यांच्याकडं पोचली होती. त्यांनी ती फायलीत घातली, म्हातारा पुन्हा येत नाही हे बघितलं आणि गप्प बसले. आणि इतक्या वर्षांनी माझ्या भावाला, जणू पहिल्यांदाच कुणी विचारतंय अशा थाटात, तेच वाक्य लिहून पाठवलं. सही-शिक्क्याचा निकाल आणा म्हणाले. तो त्यांच्याच कपाटात होता! त्या क्षणी ते साहेब समोर असते तर मी काय केलं असतं, देव जाणे.

मी म्हणाले, “मामा, हा कागद द्या. उद्या कचेरीत जाऊ.”

मामांनी मान हलवली. “देवातला हाय. कौल घ्यावा लागंल.”

कौल म्हणजे देवाच्या टाकाला दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची. उजवं पडलं की होकार, डावं पडलं तर विषय बंद. मामांनी फुलं लावली आणि हात जोडून बसले. आम्हीही बसलो. फूल हलेना. मामी चहा घेऊन आल्या, चहा झाला. फूल जागचं हलेना. माझ्या मनात आलं, इथंही तीस दिवसांची मुदत आहे की काय. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादानं माझ्याकडं असं बघितलं की मी जीभ आवरली. शेवटी उजवं फूल घसरलं.

“दिला,” मामा म्हणाले. “पन मी सोता आननार.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं कचेरीत. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, कागद नव्या उपरण्यात गुंडाळून छातीशी धरला होता. तेच साहेब, त्याच खुर्चीत. मी म्हणाले, “निकाल आणलाय. सही-शिक्क्याचा.” मामांनी उपरणं सोडून कागद टेबलावर ठेवला. साहेबांच्या टेबलाच्या काचेवर भंडारा सांडला.

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. “हे माझ्या आधीचं आहे,” ते म्हणाले.

“साहेब बदलले म्हणून हुकूम बदलत नाही,” मी म्हणाले, आणि पर्समधून दुसरा कागद काढला. आयोगाकडं करायची तक्रार, एका रात्रीत पण त्या सगळ्या रविवारी वाचलेल्या निकालांच्या जोरावर लिहिलेली. क्रमांकांसकट. हुकूम मोडणाऱ्याला दंड होतो आणि तो पगारातून कापतात, हे त्यात मी ठळक लिहिलं होतं. साहेबांनी ती वाचली. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. मामांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि शिपायाला किल्ली देऊन आत पाठवलं.

चहा यायच्या आधी नकाशा आला.

खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. धुळीनं माखलेला पुडका टेबलावर आपटला, दोरी सुटली, आणि तो कागद घडी करून वरच होता. गायरानाची हद्द, खुणांच्या दगडांची चिन्हं, मधून तुटक दुहेरी रेघांची पांदण, थेट तळ्यापर्यंत. दादा वाकला. एका चिन्हावर बोट ठेवून म्हणाला, “ह्यो मी ठिवला. हितं बोरीचं झाड व्हतं.”

मामांनी नकाशाकडं बघितलंच नाही. ते शिपायाकडं बघत होते.

“कुठं व्हता?”

“कपाटात. वरच्या खनात,” शिपाई म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

“तवा बी तिथंच व्हता?”

शिपायानं साहेबांकडं पाहिलं. साहेब संगणकाकडं बघू लागले. चहा आला. सगळ्यांनी घेतला, मामांनी घेतला नाही.

आम्हाला नकाशाची शिक्क्याची प्रत मिळाली. पुढं ती तहसीलला लावून पांदणीवरची तार काढून घेतली, ते वेगळं रामायण आहे आणि उरलेल्या तारेसाठी ते अजून चालूच आहे. दादानं कचेरीच्या पायरीवर उभं राहूनच व्यापाऱ्याला फोन लावला. “जत्रा करून परस्पर घरी जा, इकडं येऊ नका,” एवढंच बोलला आणि फोन खिशात टाकून माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. मी त्याला तसंच उभं राहू दिलं.

मग आम्ही एसटी स्टँडवर येऊन बसलो. मामांची गाडी यायला वेळ होता. मी अजून पेटलेलीच होते. म्हणाले, “मामा, तक्रार टाकूच. नकाशा दिला म्हणून सोडायचं नाही. इतकी वर्षं हुकूम दाबून ठेवला, दंड झालाच पाहिजे.”

“टाक,” मामा म्हणाले. मग उपरण्याची गाठ चाचपत, “बाई, मी मेंढरं ईकली तवा ह्यो कपाटातच व्हता.”

दादा आपल्या चपलांकडं बघत राहिला. स्टँडवर कुणीतरी हिंगोलीची गाडी लागली म्हणून ओरडत होतं.

मामांनी उपरणं सोडलं. निकाल बाहेर काढला, धोतराच्या सोग्यानं त्याच्यावरचा भंडारा आणि कुंकू पुसायला लागले. मी म्हणाले, राहू द्या. त्यांनी ऐकलं नाही. कानाकोपरा पुसून झाल्यावर तो दादापुढं धरला.

“मला घरी न्हेऊन काय करायचा? तुझ्याकडं मेंढरं हायेत, तू घे. पन देवात ठिवू नको. खिशात ठिव.”

दादानं तो खिशात घालून पाहिला. प्लॅस्टिक केलेला कागद, त्याची घडी होईना. मग त्यानं सदऱ्याची दोन बटणं सोडली, कागद आत पोटाशी सरकवला आणि बटणं पुन्हा लावली.